दूरचा प्रवास आणि एक गणित

इ. स. १९७४ च्या जुलै महिन्यात पूर्व जर्मनीतील एरफुर्ट या शहरी सोळावी आंतरराष्ट्रीय गणित ऑलिंपियाड स्पर्धा भरली. शालेय विद्यार्थ्यांसाठी असलेल्या या स्पर्धेस १९५९ साली रुमानियात अवघ्या सात देशांनिशी आरंभ झाला होता. एरफुर्ट येथे अठरा देश उपस्थित होते. त्यांत दोन देश प्रथमच आले होते. एक अमेरिकेची संयुक्त संस्थाने आणि दुसरा उत्तर व्हिएतनाम. या दोन देशांत कित्येक वर्षे घनघोर युद्ध झाले होते. डिसेंबर १९७२ मध्ये हनोई शहरावर प्रचंड बाँबवर्षाव झाला, त्याला दोन वर्षेही लोटली नव्हती. अशा वेळी दोन्ही देशांची मुले एकाच स्पर्धेत तीच गणिते सोडवीत होती.

त्या काळी प्रत्येक देशास आठ विद्यार्थी पाठविता येत. व्हिएतनामने आठ हजार किलोमीटरांहून अधिक दूर पाठविले ते पाच. या पाचांनी एक सुवर्ण, एक रौप्य व दोन कांस्य अशी चार पदके मिळविली.

हे यश अकस्मात लाभलेले नव्हते. बाँबच्या भयाने १९६५ पासून शहरांतील शाळा व महाविद्यालये खेड्यापाड्यांत व रानात हलविण्यात आली होती. त्याच वर्षी हनोई विद्यापीठाने निवडक मुलांसाठी गणिताचा विशेष वर्ग काढला, तोही थाय न्गुएन प्रांतातील डोंगराळ भागात. गवताने शाकारलेले वर्ग, शेजारी खणलेले खंदक आणि रात्री तेलाचा दिवा, एवढ्याच साधनांवर तेथे अध्यापन चाले. त्याच्या आदल्या वर्षी, १९६४ मध्ये, ‘गणित आणि तरुणाई’ अशा अर्थाच्या नावाचे एक मासिक निघाले होते. त्यात गणिते छापून येत, विद्यार्थी आपली उत्तरे टपालाने धाडीत आणि उत्तम उत्तरे विद्यार्थ्याच्या नावासह प्रसिद्ध होत. ही प्रथा जुनी आहे. हंगेरीतील ग्यॉर गावच्या दानियेल अरानी नावाच्या एका शाळाशिक्षकाने १८९४ साली असेच मासिक सुरू केले होते. दूरच्या प्रवासाचा पहिला टप्पा असा वर्गातल्या फळ्यापासून जवळच्या टपालपेटीपर्यंतचा होता.

स्पर्धेतील एक गणित

एरफुर्ट येथील पहिले गणित प्राथमिक शिक्षकांनी मुद्दाम पाहण्यासारखे आहे. त्याचा आशय असा : तीन कार्डांवर तीन वेगवेगळ्या पूर्ण संख्या लिहिल्या आहेत, कोणतीही संख्या शून्य नाही. अ, ब आणि क हे तीन खेळाडू प्रत्येक डावात एकेक कार्ड घेतात आणि कार्डावरील संख्येइतक्या सोंगट्या मिळवितात. मग कार्डे पुन्हा पिसून वाटली जातात. दोन किंवा अधिक डाव झाल्यावर अ जवळ २०, ब जवळ १० व क जवळ ९ सोंगट्या झाल्या. शेवटच्या डावात सर्वांत मोठे कार्ड ब ला आले होते. तर पहिल्या डावात मधले कार्ड कोणाकडे होते?

येथे बीजगणिताची सूत्रे लागत नाहीत. एकूण सोंगट्या ३९. प्रत्येक डावात तिन्ही कार्डांची बेरीज वाटली जाते; ती निदान १ + २ + ३ म्हणजे ६ असणार. म्हणून ३९ ची फोड ३ × १३ अशीच करावी लागते : डाव तीन, प्रत्येक डावात १३ सोंगट्या. पुढे तक्ता मांडून पाहिले असता कार्डे १, ४ आणि ८ ठरतात. अ ला ८, ८, ४. ब ला १, १, ८. क ला ४, ४, १. मधले कार्ड क जवळ होते. चिंचोके व कागदाचे तीन तुकडे घेऊन हा खेळ पाचवीच्या वर्गातही खेळता येईल.

शिक्षकांनी घ्यावयाचा बोध

आज या स्पर्धेत प्रत्येक देशाचे सहा विद्यार्थी भाग घेतात. दोन दिवस, दररोज साडेचार तास आणि दररोज केवळ तीन गणिते, असा तिचा क्रम आहे. म्हणजे एका गणितास सरासरी दीड तास. विद्यार्थी आपल्या भाषेत उत्तर लिहू शकतो, आरंभीच्या अर्ध्या तासात लेखी शंका विचारू शकतो आणि अपुऱ्या उत्तरातही योग्य विचार दिसल्यास त्याला गुण मिळतात. कच्चे कामही वाचले जाते.

याच्या उलट चित्र पुष्कळ वर्गांत दिसते. प्रश्न विचारला की ज्याचा हात प्रथम वर जाईल तो हुशार, आणि ज्याला वेळ लागतो तो मंद, असा शिक्का बसतो. हा शिक्का एकदा बसला की मूल विचार करणेच सोडून देते. पुढे शाळाही सोडते. ज्या गुणाची जगातील श्रेष्ठ स्पर्धेत कसोटी घेतली जाते, तोच गुण अशा रीतीने वर्गात दोष ठरतो. ही हानी कोणत्याही निकालपत्रकात दिसत नाही.

यासाठी खर्चाची गरज नाही. दर सोमवारी फळ्याच्या कोपऱ्यात एक गणित लिहावे व ते शनिवारपर्यंत पुसू नये. मधल्या दिवसांत उत्तर सांगू नये, ‘कुठपर्यंत आलास?’ एवढेच विचारावे. शनिवारी उत्तराबरोबर खाडाखोडही पाहावी व चुकीच्या वाटेने गेलेल्या मुलालाही आपला विचार सर्वांसमोर मांडू द्यावा.

भारताचा संघ या स्पर्धेत प्रथम १९८९ साली पश्चिम जर्मनीत ब्राउनश्वाइग येथे गेला आणि १९९६ साली ही स्पर्धा मुंबईत भरली. ब्राउनश्वाइग येथेच न्गो बाओ चाऊ या व्हिएतनामी विद्यार्थ्याने आपले दुसरे सुवर्णपदक मिळविले. गणितातील सर्वोच्च मानले जाणारे फील्ड्स पदक त्यांना २०१० साली हैदराबाद येथे प्रदान करण्यात आले. खेड्यातील प्रत्येक मूल असा प्रवास करील असे नाही. परंतु एका गणितापाशी आठवडाभर थांबण्याची सवय प्रत्येक मुलाला लागू शकते, आणि ती लावणे शिक्षकाच्याच हाती आहे.

शिक्षण परिषदेत चर्चेसाठी प्रश्न

१. वरील गणितात कार्डे १, ४ व ८ हीच का, हे चौथी-पाचवीच्या मुलांना कसे पटवून द्याल?
२. आपल्या वर्गात उत्तरास वेळ लावणारी मुले कोणती? त्यांच्या वह्यांतील कच्चे काम काय सांगते?
३. आठवड्याच्या गणितासाठी शेती, बाजार व खेळ यांतील पाच गणिते तयार करा.