आयत्या वेळचे भाषण



वक्तृत्वस्पर्धेचे दिवस जवळ आले की शाळेच्या व्हरांड्यात एक नेहमीचे दृश्य दिसू लागते. वहीची चार पाने हाती घेऊन विद्यार्थी येरझारा घालीत असतात. ती पाने बहुधा वडील भावाने, काकांनी अथवा एखाद्या शिक्षकांनी लिहून दिलेली असतात. ‘अध्यक्ष महाराज’पासून ‘एवढे बोलून मी आपली रजा घेतो’ येथपर्यंत सारे तोंडपाठ होते, टाळ्या पडतात, क्वचित बक्षीसही मिळते. परंतु व्यासपीठावरून खाली उतरल्यावर त्याच वक्त्याला कोणी विचारले, ‘बाळ, या विषयावर तुझे स्वतःचे मत काय?’ तर तो गोंधळून जातो. भाषण चालू असताना मधले एक वाक्य निसटले, तर त्यापाठोपाठ पुढची चार वाक्येही निसटतात.

पाठांतर वाईट, असे मी म्हणत नाही. त्याने वाणी स्वच्छ होते, उच्चार सुधारतात, सभेचे भय ओसरते. पण ती वक्तृत्वाची पहिली पायरी आहे. दुसरी पायरी आयत्या वेळच्या भाषणाची.

हे काम जन्मजात देणगी असलेल्यांचेच, असा आपला समज असतो. तो खरा नव्हे. आपल्या पेडण्याकडे आणि शेजारच्या सिंधुदुर्गात दशावतारी नाटके होतात. त्या नाटकांची लिहिलेली संहिता नसते. कोणते आख्यान लावायचे आणि प्रवेशांचा क्रम काय, एवढेच आधी ठरते; संवाद पात्रे रंगमंचावर उभ्याउभ्या रचतात. हे त्यांना साधते, कारण पुराणांतल्या कथा त्यांच्या मनात मुरलेल्या असतात. पहिल्या शतकातील रोमन वक्तृत्वशिक्षक क्विंटिलियन यानेही हेच सांगितले आहे. आयत्या वेळी बोलण्याचे सामर्थ्य हे दीर्घ अभ्यासाचे सर्वांत मोठे फळ होय, असे त्याचे मत होते.

३० जानेवारी १९४८ रोजी महात्मा गांधींची हत्या झाली. त्याच दिवशी पंडित नेहरू आकाशवाणीवरून देशाशी बोलले. ते भाषण लिहून आणलेले नव्हते. तरीही ते देशाच्या स्मरणात राहिले, कारण त्यामागे गांधीजींच्या सहवासातील अनेक वर्षे उभी होती. सारांश, आयत्या वेळचे भाषण म्हणजे तयारीवाचून केलेले भाषण नव्हे. त्यात शब्दांची तयारी नसते, मनाची असते. आडातच नसेल तर पोहऱ्यात कोठून येणार?

ही तयारी व्हावी म्हणून वक्तृत्व मंडळाच्या बैठकीत करता येतील असे काही उपक्रम पुढे देत आहे.

पहिला, चिठ्ठीचे भाषण. एका डब्यात विषयांच्या चिठ्ठ्या टाकाव्यात. ज्याची पाळी असेल त्याने एक चिठ्ठी उचलावी, एक मिनिट विचार करावा आणि दोन मिनिटे बोलावे. ‘सत्याचा महिमा’ यासारखे विषय येथे नकोत. त्यांवर ऐकीव वाक्येच तोंडी येतात. ‘मोडकी छत्री’, ‘फेरीबोटीतील पंधरा मिनिटे’, ‘आमचा पोस्टमन’ असे डोळ्यांनी पाहिलेले विषय घ्यावेत.

त्या एका मिनिटात वाक्ये जुळवीत बसू नये. मनात तीन खुंट्या ठोकाव्यात आणि त्यांवर विचार टांगावेत. ‘काल, आज, उद्या’, ‘घर, गाव, देश’ किंवा ‘अडचण, कारण, उपाय’ अशा खुंट्या कोठेही उपयोगी पडतात. ‘मोडकी छत्री’ हाच विषय घ्या. काल : ती नवी होती तेव्हा घरात तिचा केवढा मान होता. आज : काडी मोडली म्हणून ती दारामागे पडून आहे. उद्या : ती दुरुस्त करून घ्यायची की नवी आणायची? येथे काटकसरीबद्दल दोन शब्द बोलता येतील, छत्री दुरुस्त करणाऱ्याच्या हातातील कौशल्याबद्दलही बोलता येईल. पाहा, दोन मिनिटे भरून गेली!

दुसरा, पिशवीतील वस्तू. पिशवीत किल्ली, करवंटी, बसचे तिकीट, जुनी चाळशी असे काहीबाही ठेवावे. हाताला लागेल ती वस्तू सभेला दाखवून तिच्याविषयी बोलावे. लाजाळू मुलांसाठी हा उपक्रम फार चांगला. हाती वस्तू असली की हातांचे काय करावे हा प्रश्न राहत नाही आणि श्रोत्यांची दृष्टीही त्या वस्तूकडे वळते.

तिसरा, दोन बाजू. ‘शाळेला गणवेश असावा’ अशासारख्या विषयावर एक मिनिट अनुकूल बोलावे. घंटा वाजताच त्याच विद्यार्थ्याने पुढचे मिनिट प्रतिकूल बोलावे. प्रतिपक्षाच्या म्हणण्यातही काही तथ्य असू शकते, हे यातून नकळत कळते.

चौथा, कथेची साखळी. पहिल्याने गोष्टीची दोन वाक्ये सांगून ‘इतक्यात...’ या शब्दावर थांबावे. शेजाऱ्याने ती पुढे न्यावी. येथे आधीचे नीट ऐकले नाही तर पुढचे बोलताच येत नाही. चांगला वक्ता आधी चांगला श्रोता असावा लागतो, तो असा.

पंचेचाळीस मिनिटांच्या एका तासिकेत सहा वक्ते सहज बसतात. प्रत्येकी एक मिनिट विचार, दोन मिनिटे भाषण आणि दोन मिनिटे अभिप्राय मिळून तीस मिनिटे होतात. उरलेल्या वेळात दहा मिनिटे साखळी आणि पाच मिनिटे समारोप. अभिप्राय देणाऱ्याने आधी एक गुण सांगावा, मग एकच सुधारणा सुचवावी. कोणी अडखळला तर हसू नये, हा नियम मात्र कडक असावा. एका हसण्याने एखादा विद्यार्थी वर्षभर मुका होतो.

आता थोडे भाषेविषयी. आपल्यापैकी बहुतेकांच्या घरी कोंकणी बोलतात आणि शाळेत मराठी. पाठ केलेल्या भाषणात हा फरक झाकला जातो, आयत्या भाषणात तो उघडा पडतो. नेमका मराठी शब्द आठवत नाही, घरचा शब्द ओठांवर येतो आणि लाजेने विद्यार्थी थांबतो. त्याने थांबू नये. ‘बाजारातून नुस्ते आणले’ असे तोंडून गेले, तर ‘म्हणजे मासळी आणली’ असे म्हणून पुढे चालावे. घरच्या भाषेची लाज बाळगण्याचे कारण नाही आणि शाळेची भाषा शिकण्याचा कंटाळाही नको. विचार चालू राहिला की शब्द मागाहून येतो. रोज रात्री पाच मिनिटे दिवसभरातील एक प्रसंग मराठीतून मोठ्याने सांगण्याचा सराव घरी ठेवावा. आईवडिलांनी किंवा आजीने तो ऐकावा. यासाठी पैसा लागत नाही.

शेवटी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. पोर्तुगीज अमदानीत गोव्यात सरकारी परवानगीवाचून जाहीर सभा भरविता येत नसे. १८ जून १९४६ रोजी मडगावी डॉ. राममनोहर लोहिया यांनी ती बंदी मोडली आणि त्यांना अटक झाली. त्यानंतर १९ डिसेंबर १९६१ पर्यंत बोलण्यासाठी अनेकांनी तुरुंग सोसला. चारचौघांत उभे राहून मनातले सांगण्याचा जो अधिकार आज आपल्याला सहज लाभला आहे, त्याची किंमत अशी मोजलेली आहे. त्या अधिकाराचा उपयोग दुसऱ्याने लिहून दिलेली वाक्ये म्हणण्यापुरताच करणे शोभत नाही. उद्या ग्रामसभेत, पालकसभेत अथवा एखाद्या कचेरीत अन्यायाविरुद्ध दोन शब्द बोलण्याची वेळ येईल, तेव्हा लिहून द्यायला कोणी जवळ नसेल. त्या दिवसाची तयारी आजच्या दोन मिनिटांत आहे. तेव्हा पुढच्या बैठकीस अवश्य या आणि पहिली चिठ्ठी तुम्हीच उचला.