कीर्ति आणि धन

आमच्या बुलढाणा जिल्ह्यांत कापसाला बरा भाव आला, म्हणजे घरांत आनंद होतो. मुलगा परीक्षेंत पहिला आला, म्हणजेही तितकाच होतो. दोन्ही आनंद निर्दोष आहेत. परंतु आलेल्या धनाचें व मिळालेल्या नांवाचें पुढें करावयाचें काय, हा खरा प्रश्न होय.

पंडिता रमाबाईंचें चरित्र याचें उत्तर देतें. १८७८ सालीं कलकत्त्याच्या विद्वानांनीं त्यांस 'पंडिता' व 'सरस्वती' या पदव्या दिल्या. तेव्हां त्यांचें वय अवघें २० वर्षांचें होतें. पुढें त्यांची कीर्ति अमेरिकेंत पोंचली व १८८७ सालीं बोस्टन येथें त्यांच्या साह्यार्थ एक मंडळी स्थापन झाली. या कीर्तीनें आलेलें द्रव्य कोठें गेलें? १८८९ सालीं मुंबईंत विधवांसाठीं शारदासदन निघालें. १८९६-९७ च्या दुष्काळांत मध्यप्रांतांतील शेंकडों निराधार मुलींस बाईंनीं आश्रय दिला, आणि केडगांवचें मुक्तिसदन उभें राहिलें.

प्रभु येशूच्या दृष्टांतांतील धनवानाचें पीक उदंड आलें, हा त्याचा दोष नव्हता. कोठारें बांधतांना त्यास स्वतःवांचून दुसरें कोणी आठवलें नाहीं, हा दोष होता. आम्ही मालक नसून कारभारी आहों. धन मोजतां येतें, म्हणून त्याचा हिशेब सोपा. कीर्ति मोजतां येत नाहीं, म्हणून तिचा मद लौकर ध्यानांत येत नाहीं.

तेव्हां पालकहो, कापसाचे पैसे घरीं येतांच शेजारच्या गरीब मुलाच्या पुस्तकांचा वांटा आधीं बाजूस काढा. आणि विद्यार्थ्यांनो, वर्गांत पहिले आलां, तर मागें राहिलेल्या सोबत्याजवळ बसून त्यास एक गणित समजावून द्या.