पाखरे ओळखू या

आपण अक्षरे शिकलो तेव्हा पहिल्यांदा सगळी सारखीच दिसत. मग घ आणि ध यांतला फरक कळला. म आणि भ वेगळे दिसू लागले. पाखरांचेही तसेच आहे. आधी सगळे बगळे सारखे, सगळ्या घारी सारख्या वाटतात. एकेक खूण पाहायला शिकलो की प्रत्येकाची ओळख पटते.

"पाखरां बघून पोट भरतलां काय?" असे कोणी विचारील. पण मालवणच्या मच्छीमाराला विचारा. दर्यावर दूर सुरय पाखरांचा थवा पाण्यात सूर मारू लागला की तिथे मासळी आहे, हे तो जाणतो. म्हणजे पाहण्याची सवय आपल्याला आहेच. आता जरा नीट पाहायचे, एवढेच.

पाखरू दिसले की मनाशी पाच प्रश्न विचारावेत. ते केवढे आहे? चिमणीएवढे, कावळ्याएवढे, की घारीएवढे? चोच कशी आहे? पाय कसे आहेत? शेपूट कसे आहे? ते कुठे आहे आणि काय करते आहे? रंग पाहावा, पण नुसत्या रंगावर विसंबू नये. उन्हात आणि सावलीत रंग वेगळा दिसतो.

आता बगळेच घ्या. गुरांमागून चालणारा, पिवळ्या चोचीचा तो गायबगळा. पावसाळ्याच्या सुमारास त्याच्या डोक्यावर आणि मानेवर नारिंगी छटा येते. कोळंबच्या खाडीत चोच काळी, पाय काळे, पण पायाची बोटे पिवळी असा बगळा दिसला, तर तो लहान बगळा. आणि समुद्राच्या खडकावर राखाडी रंगाचा, पांढऱ्या गळ्याचा बगळा उभा असेल, तर तो समुद्री बगळा. हा कधी कधी पांढराही असतो. म्हणून चोच आणि पाय पाहायचे.

रापण ओढली की वर घारी फिरू लागतात. सगळे अंग तपकिरी आणि शेपटीला मधे खाच, ती साधी घार. डोके आणि छाती पांढरी, बाकी अंग विटकरी, शेपूट गोलसर, ती ब्राह्मणी घार. या दोघींपेक्षा खूप मोठा, पोट पांढरे, पाठ राखाडी, शेपूट आखूड, असा पक्षी दिसला तर तो समुद्रगरुड. तो किनाऱ्याजवळच्या उंच झाडावर घरटे बांधतो आणि तेच घरटे वर्षानुवर्षे वापरतो. असे झाड तोडले तर त्याचे घर जाते.

आता एका लहानशा पाखराची गोष्ट. त्याचे नाव पाकोळी. ती चिमणीपेक्षा लहान, काळपट तपकिरी. पंख विळ्यासारखे वाकडे. भिंगरी तारेवर बसते, पाकोळी कधीच बसत नाही. तिचे पाय फक्त खडकाला धरून लटकण्यापुरते असतात. उडता उडता ती किडे खाते.

वेंगुर्ल्यासमोर समुद्रात खडकाळ बेटे आहेत. त्यांना वेंगुर्ला रॉक्स म्हणतात. तिथल्या अंधाऱ्या गुहेत हजारो पाकोळ्या राहतात. त्या टिकटिक असा आवाज करतात आणि त्याच्या प्रतिध्वनीवरून अंधारात वाट काढतात. घरटे बांधतात ते आपल्या लाळेने. लाळ वाळून घट्ट होते. पूर्वेकडच्या देशांत अशा घरट्यांचे सूप करतात, म्हणून घरट्यांना मोठी किंमत येते. या बेटावरून घरटी चोरली जात होती. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने २००१ साली ही चोरी उघडकीस आणली.

घरटे ओरबाडले की अंडी आणि पिल्ले मरतात. दरवर्षी असे झाले तर गुहा ओस पडायला किती वेळ लागेल? वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ साली झाला. रानपाखरांची घरटी मोडणे आणि अंडी काढणे या कायद्याने गुन्हा आहे. पण समुद्रातल्या बेटावर रोज पोलीस कसा पोचणार? तिथून होडी नेणाऱ्यालाच आधी दिसते. त्याला पाकोळी ओळखता आली, तर तिथे काय चालले आहे हे त्याला कळेल आणि तो वनखात्याला कळवील.

पाखरे पाहायला सकाळी लवकर जावे. सूर्य पाठीशी ठेवावा. भडक कपडे घालू नयेत, मोठ्याने बोलू नये. खाडीवर सुकतीच्या वेळी जावे. चिखल उघडा पडला की पाखरे चरायला उतरतात. घरट्याजवळ जाऊ नये. आपण तिथे उभे राहिलो तर आई पिल्लांकडे येत नाही, आणि कावळ्याला मात्र घरटे कळते.

जवळ एक वही ठेवा. तारीख, जागा, वेळ आणि दिसलेल्या खुणा लिहा. नाव माहीत नसेल तर जागा रिकामी सोडा. घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा. त्यांना गावची नावे ठाऊक असतात. तीही लिहून ठेवा. आपल्याला लिहिता येते, त्याचा हा एक चांगला उपयोग आहे.

अभ्यास

१. लहान बगळा आणि गायबगळा यांच्या चोचींत काय फरक आहे?
२. पाकोळी तारेवर का बसत नाही?
३. या आठवड्यात पाहिलेल्या तीन पाखरांच्या खुणा वहीत लिहा.