आमरीचे फूल आणि कॅमेऱ्याचे छिद्र

नव्या कॅमेऱ्यावर हात बसवायचा तर समोर काय ठेवावे? लहान मूल स्थिर राहत नाही, गुलाब चार दिवसांत गळतो. फॅलेनॉप्सिस या आमरीचे, म्हणजे ऑर्किडचे, फूल मात्र महिनाभर सहज टिकते. आजचे छायाचित्र फसले, तर उद्या त्याच फुलाचे, त्याच वेळी, पुन्हा घ्या. प्रयोगाला असेच साहित्य हवे असते!

आधी फुलाची ओळख करून घेऊ. मागे तीन निदले, त्यांच्यापुढे दोन रुंद पाकळ्या. तिसरी पाकळी निराळीच असते. तिला ओठ म्हणतात. कीटकाला उतरायला जणू फळीच. ओठाच्या वर खुंटीसारखा स्तंभ दिसेल. पुंकेसर आणि स्त्रीकेसर एकजीव होऊन तो बनलेला असतो. त्याच्या टोकाशी, लहानशा टोपीखाली, परागांचे घट्ट पुंज असतात. आमरीची जात ओळखताना ओठ आणि स्तंभ बारकाईने पाहावे लागतात, आणि दाबून वाळविलेल्या नमुन्यात नेमके तेच चपटे होतात. म्हणून येथे छायाचित्राला खरी किंमत आहे.

आता कुंडी खिडकीशी ठेवा, कॅमेरा तिपाईवर बसवा आणि पंखा बंद करा. पंख्याच्या वाऱ्याने लांब देठ डुलतो, हे डोळ्यांना जाणवतही नाही. कॅमेऱ्याची चकती ‘ए’वर फिरवा. आता छिद्र तुम्ही ठरवाल, उघडझाप किती वेळाची हे कॅमेरा ठरवील. छिद्रापुढचे आकडे फसवे आहेत : आकडा मोठा, तर छिद्र लहान. भिंगाचे नाभीय अंतर भागिले छिद्राचा व्यास, म्हणजे हा आकडा. ५० मि.मी.च्या भिंगाला एफ २ ला २५ मि.मी.चे छिद्र असते, तर एफ १६ ला जेमतेम ३ मि.मी.चे.

एकच चित्र एफ २.८ ला आणि एफ १६ ला घेऊन पाहा. ८ सें.मी.चे फूल ३६ × २४ मि.मी.च्या संवेदकावर उंचीभर मावेल इतके जवळ गेलात, तर एफ २.८ ला सुमारे अडीच मि.मी. जाडीचा पट्टाच स्पष्ट उमटतो. ओठाचे टोक रेखीव, आणि मागची निदले पिंजलेल्या कापसासारखी! एफ १६ ला हा पट्टा सुमारे १४ मि.मी. होतो. पण प्रकाश ३२ पटींनी घटतो. तेथे १/६० सेकंद पुरत होते, येथे अर्धा सेकंद लागेल. तिपाई हवी ती यासाठी. बटण दाबतानाचा धक्काही नको, म्हणून स्वयंचलित दोन सेकंदांचा विलंब लावा.

मग छिद्र आणखी लहान का करू नये? फार लहान छिद्राच्या कडेशी प्रकाश पसरतो, आणि सगळेच चित्र किंचित मऊ पडते. लोभाला येथे निसर्गानेच मर्यादा घातली आहे.

ओठाच्या टोकापासून निदलांपर्यंतचे अंतर पट्टीने मोजा (फुलाला न लावता). ते १४ मि.मी.हून अधिक भरले, तर समोरून सगळे स्पष्ट येणार नाही, हे उघड आहे. काय सोडायचे ते तुम्ही ठरवा. मात्र एक युक्ती आहे. आमरीचे फूल उभ्या रेषेतच दोन सारख्या भागांत विभागते, आणि स्तंभ व ओठाचा मध्य दोन्ही त्याच प्रतलात असतात. कॅमेरा फुलाच्या बाजूला नेऊन या प्रतलाला समांतर धरा. दोन्ही भाग त्या अरुंद पट्ट्यात आपोआप येतील.

फूल पांढरे असेल, तर आणखी एक गंमत दिसेल. चौकट फुलाने भरली, की चित्र करडे येते. प्रकाशमापक समोरचे दृश्य मध्यम करड्या छटेचे आहे असे धरून चालतो. पांढरे त्याला ‘फार उजेड’ वाटते. प्रकाश-दुरुस्ती अधिक १ वर न्या. मागे काळे कापड लावून फूल लहान ठेवलेत, तर दुरुस्ती उलट बाजूला, म्हणजे उणे करावी लागेल. किती, ते दोन-तीन चित्रे घेऊन ठरवा. फूल उद्याही तेथेच आहे.