लक्कम्मांचा प्रश्न आणि नौबादची सुरंग बावी



आयदक्की मारय्यांची कथा आपण प्रवचनांतून अनेकदा ऐकली आहे. बसवण्णांच्या अंगणात सांडलेले तांदूळ वेचणे हे त्यांचे कायक. एके दिवशी ते नेहमीपेक्षा अधिक तांदूळ घेऊन आले. पत्नी लक्कम्मांनी विचारले, हे जास्तीचे कशासाठी? आणि ते परत ठेवून यावयास लावले. येथे एक सूक्ष्म गोष्ट ध्यानात घ्यावी. मारय्यांनी चोरी केली नव्हती. त्या तांदळातून दासोहच घडला असता. तरीही लक्कम्मांनी तो नाकारला. संपत्तीचा विचार ती वाटताना नव्हे, तर घरात आणतानाच करावा, हा या प्रसंगाचा भावार्थ होय.

आता आपल्या नौबादकडे पाहा. येथे बहमनी काळातील, पंधराव्या शतकातील सुरंग बावी, म्हणजे करेझ आहे. जांभ्या दगडातून मंद उताराचा बोगदा खोदला, हवेसाठी व गाळ काढण्यासाठी वरून उभ्या विहिरी पाडल्या. पाणी आपल्याच भाराने वाहत येते. भूमी जेवढे झिरपू देईल तेवढेच त्यातून मिळते. अधिक ओढता येत नाही. मर्यादा तिच्या रचनेतच आहे.

कूपनलिकेचे तसे नाही. तिची खोली भूमी ठरवीत नाही, थैली ठरविते. ज्याच्याजवळ पैसा तो अधिक खोल जातो; शेजाऱ्याची विहीर आटते; मग तोच शेजाऱ्याला टँकरने पाणी विकतो. एकाच शिवारात पीकही वाढले आणि तहानही वाढली.

आजच्या भांडवलशाहीची रीत हीच आहे. फ्रान्समधील अर्थशास्त्रज्ञ थॉमस पिकेटी यांनी २०१३ सालच्या ग्रंथात दाखविले, की भांडवलावरील परताव्याचा दर अर्थव्यवस्थेच्या वाढीहून अधिक राहिला, तर संपत्ती मोजक्या हाती साचत जाते. म्हणजे कष्टाच्या कमाईला साठविलेला पैसा मागे टाकतो. आपल्या राज्यातही डॉ. डी. एम. नंजुंडप्पा समितीच्या २००२ च्या अहवालाने अतिमागास ठरविलेल्या ३९ तालुक्यांपैकी २१ आपल्या कलबुर्गी विभागातले होते. पुढे २०१३ साली कलम ३७१ (जे) लागू होऊन शिक्षण व नोकरीत स्थानिकांना आरक्षण मिळाले. राज्य वाढले म्हणजे सर्व तालुके सारखे वाढतात असे नाही, हे शासनालाही मान्य करावे लागले.

कोणी विचारील, स्वामीजी, मग उद्योग नकोत काय? तसे नव्हे. १९९१ नंतरच्या मोकळ्या बाजाराने अनेक घरांतील मुले शिकली, औषधे व वाहने हाती आली. हे नाकारणे असत्य ठरेल. बसवण्णा स्वतः बिज्जळाचे भांडारी होते. त्यांना द्रव्याचा द्वेष नव्हता. मारय्यांनीही कायक सोडले नाही. मर्यादा श्रमाला नाही, ओढून घेण्याला आहे.

दुसरे म्हणतील, आम्ही दान करतोच. परंतु दान व दासोह यांत अंतर आहे. टँकर फुकट देऊन त्यावर आपले नाव रंगविणारा दाता होतो. दासोही म्हणतो, हे पाणी माझे नव्हतेच. मी केवळ पोचविणारा. हा प्रश्न मठांनाही चुकत नाही. देणगीदाराच्या नावाची शिला भिंतीत बसविताना, हा पैसा कोणाच्या घामाचा, किती मजुरी बुडवून आलेला, असे आम्ही विचारतो काय? विचारले पाहिजे.

म्हणून या महिन्यात प्रत्येकाने एक साधना करावी. रात्री इष्टलिंगपूजेपूर्वी दिवसाची कमाई डोळ्यांपुढे आणावी. गड्याची मजुरी पूर्ण दिली काय? मापात खोट नव्हती ना? माझी मोटार चालू असता शेजारची विहीर आटत तर नाही? उत्तर अवघड वाटले, तर तेवढे तांदूळ परत ठेवून यावे. घरात लक्कम्मा असेल, तर तिचे ऐकावे. नसेल, तर स्वतःच लक्कम्मा व्हावे.

शरणु शरणार्थी.