उशिराचे जेवण, हलके आणि झटपट

प्रश्न : मी बेंगळुरूत जयनगरला राहते. घरी यायला आठ वाजतात. वजन उतरवायचे आहे. रात्री पटकन काय करू?

उत्तर : सकाळी मूगडाळ भिजवून फ्रिजमध्ये ठेवा. रात्री निथळून काकडी, गाजर, कोथिंबीर, लिंबू घातले की तुमच्याकडची कोसंबरी तयार. कुकरला पालक घालून वरण लावा, तोवर नाचणीची भाकरी होते. मात्र नाचणीत कॅलरी गव्हाइतक्याच असतात, म्हणून भाकरी एकच. निम्मे ताट भाज्यांनी भरा. फोडणीचे तेल मोजूनच घ्या : १५ मिलिलिटर तेलात सुमारे १२० कॅलरी असतात. रात्रीचे जेवण टाळू नका. उपाशीपोटी फरसाणाचा डबा हमखास उघडला जातो. मधुमेहाची औषधे चालू असतील, तर आहार बदलण्याआधी डॉक्टरांना जरूर विचारा.