आधी गालिचा, मग पाणी

गोड्या पाण्याच्या काचटाकीत तळभर पसरून माती झाकून टाकणाऱ्या बुटक्या वनस्पतींना हौशी मंडळी ‘कार्पेट’ म्हणतात. मॉन्टे कार्लो, ड्वार्फ हेअरग्रास आणि मूळची क्यूबातली, अगदी बारीक पानांची एचसी ही त्यांतली नेहमीची नावे. जपानचे ताकाशी अमानो (१९५४–२०१५) यांच्या टाक्यांमुळे हे रूप जगभर पोहोचले. छत्रपती संभाजीनगरच्या उस्मानपुऱ्यात ते साधायचे तर पहिली अडचण रोपांची नसते, पाण्याची असते.

शहराला पाणी पैठणच्या जायकवाडी धरणातून येते आणि नळ येतो काही दिवसांआड. नव्या टाकीला मात्र पहिले काही आठवडे वारंवार पाणी बदलून लागते. विकत मिळणारी बहुतेक रोपे रोपवाटिकेत पाण्याबाहेर, दमट हवेत वाढवलेली असतात. ती बुडाली की हवेतली पाने विरघळू लागतात आणि पाण्यात टिकणारी नवी पाने यायला वेळ लागतो. त्याच सुमारास नव्या अ‍ॅक्वासॉइलमधून, म्हणजे टाकीसाठीच्या खतयुक्त दाणेदार मातीतून, अमोनिया सुटत असतो. कुजकी पाने, अमोनिया आणि वर जळणारा दिवा एकत्र आले की शेवाळ माजते. दोन फूट लांब, फूटभर रुंद आणि तेवढ्याच उंच टाकीत साधारण ५५ लिटर पाणी मावते. त्यातले निम्मे दिवसाआड बदलायचे म्हणजे घरच्या ड्रमवर हात पडतो, आणि घरच्या गरजेपुढे टाकीचा हक्क दुसराच. बोअरचे किंवा टँकरचे पाणी वापरावे तर ते पुष्कळदा जड निघते. मॉन्टे कार्लो आणि हेअरग्रास ते बऱ्यापैकी सोसतात. एचसीच्या वाटेला नवख्याने जाऊ नये.

हे बोल ज्या टाकीवरून सुचले ती उस्मानपुऱ्यातल्याच एका फ्लॅटमधली. तिथे भर मे महिन्यात थेट पाण्यात लागवड झाली आणि कार्बन डायऑक्साइडसाठी साखर-यीस्टची बाटली जोडली गेली. पारा चाळिशीला टेकलेला. यीस्ट आधी भराभर फसफसले, मग लवकरच थंडावले. झाडे रात्री हा वायू घेत नाहीत, बाटली मात्र रात्रभर चालूच राहते. पहाटे मासे वर येऊन पृष्ठभागाशी तोंडे उघडझाप करू लागले. कोमट पाण्यात प्राणवायू मुळातच कमी विरघळतो, त्यात ही भर. वायू असा कमी-जास्त होत राहिला की पानांच्या कडांना काळे केसाळ शेवाळ धरते आणि ते चोळूनही निघत नाही.

पाण्याची ओढ असलेल्या शहराला ‘ड्राय स्टार्ट’ मानवते. यात टाकी आधी भरायचीच नाही. अ‍ॅक्वासॉइलचा थर पुढे तीन-चार सेंटिमीटर, मागे थोडा जास्त द्यावा. शेतातली काळी माती घालू नये. ती भिजून फुगते आणि पाणी गढूळ करते. सजावटीला आपल्याकडचा काळा पाषाण उत्तम, तो पाण्याचा गुण बदलत नाही. मात्र दगडावर पांढरे खडे असतील तर त्यांवर व्हिनेगरचे थेंब टाकावेत. बुडबुडे आले तर त्यात चुना आहे, तो दगड नको. टिश्यू कल्चरच्या डबीतले रोप जेलीचा अंश राहणार नाही असे धुऊन एक-दोन सेंटिमीटरचे झुबके करावेत आणि चिमट्याने तिरके खोचावेत, शेंडे तेवढे बाहेर ठेवून. माती चिंब असावी, वर पाणी साचलेले नसावे. तोंडावर प्लॅस्टिकचा पातळ कागद ताणून रोज थोडा वेळ उघडावा, नाहीतर बुरशी येते. हवेतला कार्बन डायऑक्साइड झाडांना फुकट मिळतो, पाणी लागते ते फवाऱ्यापुरते. दसरा-दिवाळीच्या सुमारास सुरुवात केली की दोनेक महिन्यांत मुळे घट्ट धरतात आणि टाकी भरायची वेळ थंडीत येते.

ऑनलाइन मिळणारे ‘कार्पेट सीड्स’ घेऊ नयेत. ते मॉन्टे कार्लोचे बी म्हणून विकले जाते, ओल्या मातीत झपाट्याने उगवतेही, आणि पाण्याखाली गेल्यावर बहुधा सडते.

भरताना तळाशी बशी ठेवून तिच्यावर सावकाश पाणी सोडावे. नळाच्या पाण्यातला क्लोरीन आधी हायपोने मारावा. दिवा सुरुवातीला सहा तास, टायमरवर. वायूसाठी आता सिलिंडर आणि सोलेनॉइड व्हॉल्व्ह हवा: दिव्याआधी तास-दीड तास सुरू, दिव्याबरोबर बंद. खर्च झेपत नसेल तर हेअरग्रास लावून वाढ संथ राहील हे स्वीकारावे. पाण्यातला हा वायू रंगाने दाखवणारा ड्रॉप चेकर हिरवा असणे ठीक, पिवळा झाला तर वायू कमी करावा. मासे टाकीत अमोनिया शून्यावर आल्यावरच सोडावेत.

गालिचा पसरला की काम संपत नाही. मॉन्टे कार्लोचा थर तीन-चार सेंटिमीटर जाड झाला की खालच्या देठांना उजेड मिळत नाही, ते कुजतात, आणि एके दिवशी अख्खी चकती मातीपासून सुटून वर तरंगते. ती पुन्हा बसवणे जवळजवळ नव्याने लावण्यासारखेच. यासाठी कात्री लवकर आणि निर्दयपणे चालवावी, अर्धी उंची खुशाल उतरवावी. कापलेले तुकडे जाळीने लगेच काढून घ्यावेत. ते नाल्यात, विहिरीत किंवा खाम नदीत टाकू नयेत. मॉन्टे कार्लोसारखी परक्या प्रदेशातली वनस्पती एका देठावरूनही रुजते. तुकडे कडक उन्हात पूर्ण वाळवून मगच कचऱ्यात द्यावेत.